आयविंद नावाची चूक

'आल्का' बोटीवर,
गुरुवार, दुपार

प्रिय आयविंद,

हे पत्र मी तुझ्या गावाला येणाऱ्या बोटीवर बसून लिहितेय. येणाऱ्या म्हणावं की जाणाऱ्या, तेच आता कळेनासं झालंय, कारण ही माझी तिसरी खेप आहे. दोनदा हेल्लेविकच्या धक्क्याला बोट लागली, गाड्या उतरल्या, माणसं उतरली, आणि मी खिडकीपाशी तशीच बसून राहिले. तुझं पिवळं घर इथून दिसतं. धुराड्यातून धूर येत होता, म्हणजे तू घरीच होतास. तरी माझे पाय काही उठले नाहीत. बोट परत फिरली आणि मला आधी हायसं वाटलं, मग स्वतःचाच राग आला, मग भूक लागली.

आतापर्यंत दोन स्वेले, बोटीवरची ती जाड गोड धिरडी, पोटात गेलीत, लोणी आणि तपकिरी चीज दोन्ही लावून. कॅफेतली मार्गुन मगाशी कप उचलायला आली आणि म्हणाली, "अगं, तू उतरणारेस की इथेच बिऱ्हाड करणारेस?" मी म्हटलं, पत्र लिहितेय, आयविंदला. "कोण, खिडक्यावाला? तो येतो की दर रविवारी. चार स्वेले घेतो, तीन खातो, चौथा कुत्र्याला घालतो. पत्र कसलं लिहीत बसलीयस, धक्क्यावरून हाक मारलीस तरी ऐकू जाईल." मला तू कुत्रा पाळलायस हेच ठाऊक नव्हतं. बारा वर्षं मी तुझ्या शेजारच्या टेबलावर काढली, तुला डब्यात काय आहे ते न बघता सांगायचे, आणि आता तुझ्या कुत्र्याची बातमी मला बोटीवरच्या बाईकडून कळते. ही माझीच करणी आहे. तेच सांगायला निघालेय, आणि सांगताना माझी नोकरी गेली तरी चालेल अशी मनाची तयारी करून निघालेय. तयारी झालीये असं सकाळी वाटत होतं.

आधी ऑफिसची आणि घरची खबरबात सांगते, म्हणजे हात जरा चालेल. तुर्लाइव्ह निवृत्त होऊन स्पेनला गेला आणि तिथल्या उन्हात उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झालाय, फोटो पाठवतो. हेल्गे अजून साहेबच आहे, अजून दर शुक्रवारी कुणालातरी केक आणायला विसरल्याबद्दल बोल लावतो. घरी रोअर बरा आहे. आमची लिव्ह साडेचार वर्षांची होत आली. तिला तू पाठवलेली लाकडी बोट फार आवडते. तू ती तिच्या जन्मानंतर पाठवलीस, बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त ती हातभर बोट. सुकाणूचं चाक फिरवलं की आतली दोरी ओढली जाते आणि पुढच्या तबकडीवरची सुई हलते. चाक जेवढं फिरेल तेवढीच सुई. मी ते चाक दहा वेळा फिरवून बघितलं. हा टोमणा आहे की माफी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. दोन वर्षं मी ती माळ्यावर दडवून ठेवली. मग लिव्हला ती सापडली आणि तेव्हापासून रोज जेवणाच्या टेबलावर ती सुई माझ्यासमोर फिरते.

तुझी खरी सुई आठवते ना, कॅप्टनच्या पडद्यावरची? आठवत नसेल तर नवलच, तीन आठवडे तू त्या एका सुईपायी घालवले होतेस. मी नवीन होते. हेल्गे रोज दारातून डोकावून विचारायचा, "आयविंद, अरे तबकडीवरची सुई करतोयस की चर्च बांधतोयस?" आणि तू मान वर न करता म्हणायचास, "एकदाच नीट करू दे, म्हणजे परत कुणाला करावी लागणार नाही." ते तू अक्षरशः खरं केलंस. एकच घटक, एकच फाइल. तेलाच्या दाबाला लावायचा असेल तर तेलाला लावा, पिण्याच्या पाण्याला लावा, बॅटरीला लावा. रंग वेगळा, माप वेगळं, आतलं काळीज तेच. धोक्याचा लाल दिवासुद्धा तू त्याच घटकाच्या आत बसवलास, म्हणजे कुणी तो लावायला विसरू नये. सतरा बोटींवर ती सुई होती. आम्ही सगळे तिला नुसतं नावाने बोलावून जागेवर ठेवायचो, आणि ती आपलं काम करायची.

आणि पहिल्या आठवड्यात तू मला जे शिकवलंस ते मला तुझ्या आवाजात पाठ आहे. मी प्रोग्रॅमिंगच्या दुसऱ्या पठडीतून आले होते, हे कर, मग ते कर, असे हुकूम सोडायची सवय. तू खुर्ची ओढून बसलास आणि म्हणालास, "इथे हुकूम नाही द्यायचे, गुन्वोर. इथे नातं सांगायचं. सुई म्हणजे बॅटरीतला साठा, एवढंच लिही आणि बाजूला हो. साठा उतरला की सुई उतरेल, कुणी सांगायला नको. पण तू मध्येच घुसून म्हणालीस ना, की सुई ऐंशीवर ठेव, तर ती तुझं ऐकेल. आणि ते नातं विसरून जाईल. परत कधी बॅटरीकडे बघणार नाही. आणि आपली भाषा इतकी सभ्य आहे, की तक्रारसुद्धा करत नाही." मी म्हटलं, म्हणजे आमच्या घरच्यांसारखीच की. तू इतका हसलास की तुझी कॉफी माझ्या कीबोर्डवर सांडली. तो कीबोर्ड मी अजून टाकलेला नाही.

आता सोमवारची गोष्ट. आमुंद म्हणून एक जण बर्गनहून आलाय, पन्नाशीचा, शांत, सगळं वहीत लिहून घेणारा. त्याने केलेलं काम आम्ही सगळे मिळून बघत होतो. एके ठिकाणी त्याने तीच चूक केली होती, नात्याने बांधलेल्या आकड्यात हाताने आकडा भरला होता. आणि मी म्हणाले, मी स्वतः, माझ्या तोंडाने, अगदी सहज: "हे काढ, नाहीतर आयविंद होईल."

आयविंद, आमच्याकडे त्या चुकीला हेच नाव आहे. तू गेल्यानंतर सहा महिन्यांत कधीतरी पोरांनी ते पाडलं आणि ते चिकटलं. सुई अडकली की "आयविंद झाला." मी दोन वर्षांपूर्वी एक तपासनीस प्रोग्रॅम लिहिला. कोणी फाइलमध्ये असली ओळ घातली की तो पकडतो आणि लाल अक्षरांत सांगतो. त्या इशाऱ्याचं नावही त्यांनी आयविंदच ठेवलं. तपासनीस माझा, रात्रंदिवस खपून केलेला, आणि मी ते नाव पुसलं नाही. पुसलं असतं तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

तर आमुंदने वही उघडली आणि विचारलं, "आयविंद म्हणजे काय? कशाचं लघुरूप आहे का?" सगळे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "नाही रे, होता इथे कुणीतरी." आणि आमुंदने ते वहीत लिहून घेतलं. त्या हसण्यात मीही होते. माझं हसू सगळ्यांबरोबर सुरू झालं आणि सगळ्यांचं थांबल्यावर थोडं नंतर थांबलं. तेव्हापासून मला चैन नाही. घरी भांडी घासता घासता मी नळ तसाच सोडून खिडकीशी जाते. रोअर विचारतो, काय हरवलंय? मी म्हणते, काही नाही.

होता इथे कुणीतरी. ज्याने ती सुई घडवली त्याचं नाव आता ती मोडण्याच्या प्रकाराला लागलंय. आणि ती मोडली मी.

लिहिलं एकदाचं. बोट आत्ता अलीकडच्या, स्टोरनेसच्या धक्क्याला लागतेय, बोटीच्या बॅटरीला वीज देणारा चार्जिंगचा दांडा खाली येतोय. तो खट्ट आवाज अजून माझ्या छातीत वाजतो.

तुला ठाऊक आहेच, तरी मला ते क्रमाने सांगू दे. या आठवड्याआधी पाच वर्षांत मी हे एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. ईस्टरच्या आधीचा बुधवार. तू मंगळवारीच स्की बांधून डोंगरातल्या घरी गेला होतास, जिथे फोन लागत नाही याचा तुला केवढा अभिमान. 'आल्का'च्या कॅप्टनची तक्रार आली होती, की चार्जिंगचा दांडा निघताना बॅटरीची सुई दचकते, दोन-तीनदा उड्या मारते. सुट्टीनंतर लगेच बोटीवर नवीन सॉफ्टवेअर जायचं होतं. हेल्गे दारात कोट घालून उभा. "गुन्वोर, एवढं एक उरकून जा ना, एका ओळीचं तर काम." बारा वाजता सगळं ऑफिस रिकामं होणार होतं. खाली रोअर गाडी सुरू ठेवून बसला होता, टपावर स्की, मागे संत्र्यांची पिशवी. आणि मला त्या संत्र्यांच्या वासानेसुद्धा मळमळत होतं, कारण लिव्ह पोटात होती. नऊ वर्षं वाट बघून, एकोणचाळिसाव्या वर्षी. ते रोअरशिवाय फक्त तुला माहीत होतं.

मी चाचणीच्या खोलीत गेले. तिथल्या मशीनवर तुझ्या नावाचं लॉगिन उघडंच होतं, ते नेहमीच असायचं. मी तुझ्या सुईची फाइल उघडली आणि एक ओळ घातली: दांडा निघाला, की सुई आहे त्या आकड्यावर ठेव. मला वाटलं, क्षणभर थांबेल, मग चालू लागेल. तू शिकवलेलं एवढं पाठ असून त्या क्षणी ते आठवलं नाही, आयविंद. चाचणीत सगळं सुरेख दिसलं, कारण चाचणीत आकडे आपण हातानेच भरत होतो. तिथे तुटायला नातंच नव्हतं. नोंद झाली: आयविंद, बुधवार, अकरा बावन्न. मी दिवा मालवला आणि पळत खाली गेले.

ईस्टर संपल्यावर 'आल्का' नव्या सॉफ्टवेअरने निघाली. दुसऱ्याच दिवशी हेल्लेविकचं चार्जिंग वाऱ्यात बिघडलं. कॅप्टनने सुईकडे बघितलं, एक्याऐंशी. तेवढ्यावर दोन खेपा सहज होतात. सकाळी दांडा निघाल्यापासून ती सुई एक्याऐंशीवरच होती, पण त्याला ते कसं कळावं? लाल दिवाही त्याच आकड्याकडे बघत होता. बरोबर खाडीच्या मध्यात मोटर बंद पडली, दिवे गेले. एक्केचाळीस माणसं. वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता आणि पडद्यावर सुई ऐटीत एक्याऐंशी दाखवत होती. खडकाला बोट घासली, नशिबाने फाटली नाही. जिन्यावरून म्हातारी बोरघिल्ड पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. ती मगाशी याच बोटीवर होती, काठी टेकत गेली माझ्या समोरून. मला ओळखत नाही. ओळखायचं तिला काही कारणच नाही.

आणि मग ती चौकशी. तिघं जण समोर, आपण तिघं इकडे: हेल्गे, तू आणि मी. त्यांच्यातल्या बाईने कागद पुढे सरकवला आणि तुला विचारलं, "ही ओळ तुझी?" तू बराच वेळ बघत राहिलास. तू वाचत नव्हतास, एका ओळीला तेवढा वेळ लागत नाही. बुधवारी तू डोंगरात होतास. चाचणीच्या खोलीची किल्ली तिघांकडेच होती, आणि तिसरा तुर्लाइव्ह तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात पडून होता. म्हणजे तुला त्या एका मिनिटात सगळं कळलं. माझा हात टेबलाखाली पोटावर होता. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालास, "घटक माझा आहे. त्यात काय जातं-येतं ते बघणं माझं काम." तिने परत विचारलं, तेव्हा म्हणालास, "माझ्या नावावर आहे ना, मग माझीच." आणि मी मूग गिळून बसले.

मी काय काय सांगितलं स्वतःला! की आत्ता ताण नको, डॉक्टरांनी बजावलंय. बाळ झालं की बोलू. बाळ झालं, तर म्हटलं, जरा मोठं होऊ दे. तू जूनमध्ये राजीनामा दिलास, तेव्हा म्हटलं, त्याला तसाही कंटाळाच आला होता, त्याला लाकूडकामच आवडायचं. निरोपाच्या केकचा तुकडा मी तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, मजा आहे बुवा तुझी. सगळ्यांसमोर खापर तुझ्या डोक्यावर फुटलं आणि मी तुला केक दिला. नंतर तर मला तुझाच राग यायला लागला. कोणी सांगितलं होतं तुला थोर व्हायला? मला विचारलं होतंस? तू खरं बोलला असतास तर मी एकदाच रडले असते आणि सुटले असते. बघ, अजूनही दोष तुझ्याच गळ्यात घालतेय. मला हे खोडावंसं वाटतंय, पण राहू दे.

मंगळवारी मी हेल्गेच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्याने ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "पाच वर्षांनी? कशाला उकरतेस हे? तो तिकडे सुखात खिडक्या करतोय, बोटी चालल्यात, बोरघिल्डसुद्धा चालतेय." मी म्हटलं, मी चौकशीवाल्यांना आजच लिहिणार आहे. तो म्हणाला, "मग मला तुझ्याबद्दल वरती विचारावं लागेल, समजतंय ना?" मी म्हटलं, समजतंय. खाली येऊन मी तपासनीस उघडला आणि त्या इशाऱ्यातलं नाव बदललं. तिथे आता माझं नाव आहे. काल आमुंदने परत तीच चूक केली, आणि त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. तो मोठ्याने वाचायला लागला, "इथे गुन्वोर..." आणि मध्येच थांबला. सगळे माझ्याकडे वळले. मी उठून उभी राहिले आणि त्यांना सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच. कुणी हसलं नाही. आमुंदने वही उघडून एक शब्द खोडला.

मार्गुन दिवे लावतेय, हेल्लेविक परत दिसायला लागलंय. या खेपेला मी उतरणार आहे, हे पत्र तुझ्या फाटकावरच्या पेटीत टाकणार आहे आणि शेवटच्या बोटीपर्यंत धक्क्यावरच्या बाकावर बसणार आहे. तुला यावंसं वाटलं तर ये, नाही आलास तरी मी समजेन. पण पत्र लिहिलं ते त्यासाठी नाही. चौकशीवाल्यांचं उत्तर आज सकाळी आलं. एकटीच्या म्हणण्यावरून नोंद बदलता येत नाही म्हणतात, तेव्हा ते सोमवारी तुला फोन करणार आहेत आणि तोच प्रश्न परत विचारणार आहेत, ही ओळ तुझी का. मी तुला ओळखते. तू खिडकीबाहेर बघशील, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवशील, लिव्ह आठवेल तुला, आणि माझी नोकरी. आयविंद, हात जोडते, या वेळी नाही म्हण.

तुझीच,
गुन्वोर